सवलत कुणाच्या पदरातून?



या व्यासपीठावर माझ्याआधी संतसाहित्यावर बोलणारे येऊन गेले, मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलणारे येऊन गेले. मी माझा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. म्हणाले, "साहेब, 'पाणीपट्टीची सवलत आणि पालिकेतली रिकामी पदं' हा व्याख्यानाचा विषय आहे की सभेच्या विषयपत्रिकेवरचा?" मी म्हटलं, विषयपत्रिकेवरचाच आहे. पण तिथं तो 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली येतो आणि चहा येण्याआधी सर्वानुमते मंजूर होतो. म्हणून म्हटलं, व्याख्यानातच घेऊ. इथं निदान तासभर तरी कुणी उठून जात नाही. (हशा)

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात घरपट्टी भरायला यायचे. मी तेव्हा लेखा विभागात नवा होतो. गर्दी मार्चअखेरीची, एप्रिलमध्ये काउंटरवर चिटपाखरू नसायचं. गुरुजी पावती घ्यायचे, चष्मा पुसून सगळे आकडे वाचायचे. एकदा पावतीची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "माझ्या या पैशात आमच्या गल्लीत किती दिवस झाडलं जातं रे?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर तीस वर्षं पालिकांचे हिशेब लिहिले, अंदाजपत्रकं बांधली, लेखापरीक्षणाचे आक्षेप निस्तरले. पण या एका प्रश्नाचा रकाना कुठल्याच वहीत सापडला नाही. पैसे कुठून आले ते एका वहीत, झाडू कुणी मारला ते दुसरीत. आज या दोन वह्या मी तुमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवणार आहे.

आधी आपण कुठं उभे आहोत ते पाहू.

'जालना सोने का पालना' असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. व्यापाराचं गाव, बियाण्यांचं गाव, आता पोलादाचं गाव. १ मे १९८१ ला जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या भरली २ लाख ८५ हजार ५७७. महापालिका व्हायला तीन लाख लागतात. २०२३ मध्ये तीही झाली. राज्यातली २९ वी. इमारतीवर नवी पाटी लागली. पाटीखालची माणसं तीच, नळ तेच आणि नळाला पाणी येण्याचा दिवसही तोच.

नगरपालिकेच्या शेवटच्या सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून सुमारे चार वर्षं इथं लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. प्रशासक होते. दर कोणता, सूट किती, माणसं किती, सगळं एका सहीवर. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ६५ नगरसेवकांचं पहिलं महापालिका सभागृह आलं. आता सह्या करणारे आपले आहेत, म्हणून जाब विचारण्याची जबाबदारीही आपली. प्रशासकाला शिव्या देणं सोपं असतं हो. तो बदलून जातो. नगरसेवक गल्लीतच राहतो.

आता पहिली वही उघडू. सवलतीची.

सवलत हा शब्द ऐकला की टाळी पडते. पण सवलत एक नसते, चार असतात; आणि आपण चारही एकाच टोपलीत टाकतो, तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिली सवलत वेळेवर भरणाऱ्याची. वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी कर भरा, थोडी टक्केवारी कमी. ही सरळ आहे. पालिकेला पैसा आधी मिळतो, वसुलीचा फेरा वाचतो, आधी हाती आलेल्या पैशाची ती किंमत मोजते. गुरुजी या सवलतीचे मानकरी.

दुसरी सवलत थकवणाऱ्याची. हिचं नावच बघा किती गोड आहे: अभय योजना. कर थकला की महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. चार वर्षं थकवलं की शास्ती मुद्दलाच्या घरात जाते. मग मार्च तोंडावर येतो, जप्तीची पथकं निघतात, वाजंत्री वाजवून थकबाकीदाराच्या दारात उभी राहतात, आणि अखेर ठराव होतो: शास्तीत इतके टक्के माफी. मी हिच्या सरसकट विरोधात नाही. घरात मोठं आजारपण आलं, धंदा बसला, वाटण्यांचा वाद कोर्टात अडकला, अशा माणसाला दार उघडून द्यायलाच हवं. माझा प्रश्न एवढाच: दर दोन वर्षांनी अभय मिळणार असेल, तर वेळेवर भरणारा माणूस शहाणा की खुळा? मी काउंटरवर बसून ऐकलंय: "आम्ही भरलं तेच चुकलं का साहेब?" या प्रश्नाला लेखा संहितेत उत्तर नाही. अभय द्यायचं तर ते एकदाच, कारण लिहून, आणि मोठ्या थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावून द्या. नाहीतर गरिबाच्या नावानं ठराव होतो आणि माफीचा मोठा घास बाजारपेठेतल्या गाळेवाल्याच्या ताटात पडतो.

तिसरी सवलत घराची. पुण्याचं उदाहरण सांगतो, कारण त्यात सगळ्यांसाठी धडा आहे. पुणे महापालिकेनं १९७० साली ठराव करून स्वतःच्या घरात राहणाऱ्याला करात ४० टक्के सूट दिली. जवळजवळ पन्नास वर्षं ती चालली. लोक विसरूनही गेले की ही सूट आहे; त्यांना तो दरच वाटायचा. पुढं लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सूट काढून घेतली गेली आणि घरोघरी फरकाची बिलं गेली. शहर खवळलं. अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती पुन्हा दिली. धडा काय? सूट देताना हात उंचावणारे सभागृह सोडून जातात. आक्षेप मात्र पन्नास वर्षांनीही पत्ता शोधत घरी येतो. सूट द्यायची तर कायद्याचा पाया आणि तुटीची भरपाई, दोन्ही त्याच ठरावात लिहा.

मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून मोकळं केलं. लगेच सगळ्या गावांतून मागणी आली: मुंबईला मिळतं, आम्हाला का नाही? अहो, मुंबई महापालिकेच्या ठेवी हजारो कोटींच्या. त्या ताटातला एक लाडू कमी झाला तर कुणाला दिसतही नाही. आपल्या ताटात भाकरीच दीड. त्यातली अर्धी कमी झाली तर कुणीतरी उपाशी उठणार. कोण उठणार, ते दुसऱ्या वहीत बघू.

आणि चौथी सवलत. ही कुणी मागत नाही, कुणी देत नाही. न आलेल्या पाण्याची सवलत.

आपल्याकडे पाणी किती दिवसांनी येतं? (सभागृहातून: आठ! दहा!) ऐका. एकाच सभागृहात दोन उत्तरं. आपण आठच धरू, उन्हाळ्याचं बोलायलाच नको. आठ दिवसांनी एकदा, म्हणजे वर्षातून साधारण पंचेचाळीस वेळा. पाणीपट्टी मात्र अख्ख्या वर्षाची. उरलेल्या तीनशेवीस दिवसांचं काय? ती पाणीपट्टी आपण दुसरीकडे भरतो. टँकरवाल्याला भरतो, जारवाल्याला भरतो, बोअरच्या मोटारीच्या वीजबिलात भरतो, रात्री दोनला उठून टिल्लू पंप लावणाऱ्या बाईच्या झोपेतून भरतो. म्हणून कुणी म्हणालं की जालनेकर पाण्याचे पैसे देत नाहीत, तर त्याला सांगा: जालनेकर पाण्याचे पैसे दुप्पट देतात, फक्त पालिकेला कमी देतात.

मग याला तोड काय? मोजमाप. साताऱ्याच्या कराडजवळ मलकापूर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या नगरपंचायतीनं मीटर बसवले, कमी वापराला कमी दर आणि जास्त वापराला चढा दर लावला, आणि चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. दिल्लीत २०१५ पासून महिन्याला वीस हजार लिटरपर्यंत पाणी मोफत झालं, पण ते मीटर असलेल्या घराला. त्यापेक्षा जास्त वापरलं की सगळ्याच पाण्याचं बिल. दक्षिण आफ्रिकेनं या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर मोफत असं धोरण आखलं. तिन्हीकडे एक गोष्ट समान: आधी मोजलं, मग सवलत दिली. आपण न मोजता आकारतो आणि न मोजताच माफ करतो.

आता दुसरी वही. माणसांची.

पालिकेच्या भाषेत एक शब्द आहे: आकृतिबंध. नाव ऐकून वाटावं एखाद्या शिल्पाबद्दल बोलतोय. अर्थ साधा आहे. कोणत्या खात्यात किती पदं, कोणत्या दर्जाची, याचा मंजूर तक्ता. तो सभागृहानं ठरवायचा, पण नवं पद निर्माण करायचं तर राज्य सरकारची आधी मंजुरी लागते. नेमणूक आयुक्तांनी करायची. म्हणजे पद हवंय एकाला, मंजूर करणार दुसरा, भरणार तिसरा. आणि रिकामं राहिलं तर बोट कुणाकडे दाखवायचं ते चौथ्यानं ठरवायचं. तो चौथा म्हणजे आपण. आणि आपण बोट दाखवतो ते समोर दिसणाऱ्या सफाई कामगाराकडे.

रिकामं पद म्हणजे काय, हे सांगतो. वॉल्व्हमनचं पद रिकामं म्हणजे एकच माणूस तीन प्रभागांच्या चाव्या फिरवतो. तो आजारी पडला की तुमचा आठवा दिवस दहावा होतो. मघाशी सभागृहातून दोन आकडे आले ना? त्या दोन दिवसांच्या फरकात कधी फुटलेली जलवाहिनी असते, कधी गेलेली वीज असते आणि कधी एक रिकामं पद असतं. वसुली लिपिकाचं पद रिकामं म्हणजे नवा मजला चढतो पण त्याची आकारणी होत नाही. अभियंत्याचं पद रिकामं म्हणजे ठेकेदाराचं मोजमाप ठेकेदारच लिहितो. लेखापालाचं पद रिकामं म्हणजे... जाऊ द्या, आपल्याच जातभाईंबद्दल काय बोलायचं. (हशा)

पद रिकामं असतं म्हणून काम थांबत नाही. काम कंत्राटावर जातं. पहाटे साडेपाचला हजेरी शेडवर जाऊन बघा. दोन रांगा दिसतील. एकाच रस्त्यावर, एकच झाडू, एकच धूळ. एका रांगेतल्या बाईला महिन्याच्या महिन्याला पगार, रजा, निवृत्तिवेतन. दुसरीतली बाई ठेकेदाराची. तिला किमान वेतन कागदावर. भविष्यनिर्वाह निधीची कपात होते, भरणा होतो का ते देव जाणे. ठेका बदलला की ठेकेदार बदलतो. बाई तीच, फक्त तिची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. मी ज्या पालिकांत होतो त्यांतल्या एकीत, नाव सांगत नाही, चौदा वर्षं रोज झाडणाऱ्या एका बाईंची नोंद आमच्या दप्तरी कुठेच नव्हती. बिलावर असायचं फक्त 'मजूर संख्या'. ती बिलं तपासून मंजुरीला पाठवणारा मीच होतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

कायदा काय म्हणतो? २००६ मध्ये उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मागच्या दारानं आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. तत्त्व बरोबर होतं. पण पुढारी आणि अधिकारी त्याची ढाल करून बसले: पुढचं दार उघडायचंच नाही, म्हणजे सगळे मागच्या दाराचेच. २०१७ मध्ये त्याच न्यायालयानं मुंबईच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला, कारण ते ठेकेदाराचे नव्हतेच, ठेका हा नुसता पडदा होता. आणि डिसेंबर २०२४ च्या एका निकालात न्यायालयानं बजावलं की कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं हंगामी माणसांकडून करून घेऊन उमादेवीचा आधार घेता येणार नाही. गावाचा कचरा हे हंगामी काम आहे का हो? दिवाळीपुरता होतो आणि मग थांबतो?

इथं एक नाजूक गोष्ट बोललीच पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ ला सरकारनं त्याचे नियम एकत्र केले. पिढ्यान् पिढ्या गावाची घाण उचलणाऱ्या घराला ही एकमेव हमी आहे. ती काढून घ्या म्हणणाऱ्याला मी विचारतो, दुसरी कोणती हमी तुम्ही दिलीत? पण त्याच वेळी मनात टोचतं. बाप झाडत होता म्हणून मुलानं झाडावं, याला आपण हक्क म्हणतो. बी. कॉम. झालेला मुलगा वारस म्हणून झाडू हातात घेतो. का? कारण लिपिकाचं पद भरलंच जात नाही. पुढचं दार बंद, म्हणून त्याला बापाच्या दारानं यावं लागतं. लिपिकाची रीतसर भरती झाली असती, तर तोच मुलगा माझ्या टेबलावर बसला असता.

आणि गटारात उतरणारा माणूस? हातानं मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात जीव गेला तर दहा लाखांची भरपाई, हे २०१४ मध्ये न्यायालयानं ठरवलं. २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई तिप्पट झाली. पण मेल्यावर तीस लाख देण्याची तरतूद करणाऱ्या व्यवस्थेला जिवंतपणी यंत्र आणि प्रशिक्षित माणूस परवडत नाही, हे गणित मला हिशेबनीस म्हणूनसुद्धा सुटत नाही.

आता दोन्ही वह्या शेजारी ठेवू. इथं थोडं लक्ष द्या, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

पालिकांसाठी एक दंडक आहे. आस्थापना खर्च, म्हणजे पगार आणि भत्ते, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा. तो ओलांडला की नवी भरती अडते. आता एक कल्पित पालिका घ्या. उत्पन्न १०० रुपये. पगाराला ३५ ची परवानगी, प्रत्यक्ष खर्च ३३. म्हणजे दोन रुपयांची माणसं आणखी घेता येतील. तेवढ्यात सभागृहात सवलतीचा ठराव येतो. टाळ्या पडतात. उत्पन्न १०० चं ९० होतं. ९० च्या ३५ टक्के किती? साडेएकतीस. खर्च मात्र ३३ च आहे. काल दोन रुपयांची जागा होती, आज दीड रुपया जास्त झाला. भरती बंद. कुणीही भरतीविरुद्ध मत दिलं नाही, कुणी चर्चाही केली नाही. सवलतीचा ठराव मंजूर झाला तिथंच भरतीचा ठराव नामंजूर झाला.

पुढं काय होतं? वसुलीला माणूस नाही म्हणून वसुली घटते. वसुली घटली म्हणून उत्पन्न घटतं. उत्पन्न घटलं म्हणून माणूस घेता येत नाही. बैल घाण्याभोवती फिरावा तसं हे चक्र. आणि कंत्राटी बाईची मजुरी? ती आस्थापनेत धरतच नाहीत. ती ठेक्याच्या बिलात. म्हणजे कागदावर ३५ टक्के सुरेख पाळले जातात. तिला कायम केलं की ती 'खर्च' होते; ठेकेदाराकडे ठेवली की ती 'सेवा' होते. आपल्या सवलतीची किंमत तिच्या पदरातून जाते, आणि ती कुठल्याही वहीत दिसत नाही.

कुणी म्हणेल, सरकार आहे की! जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. पालिकेच्या हाती स्वतःचं म्हणावं असं घरपट्टी-पाणीपट्टीच उरलं. इचलकरंजी आणि जालना या दोन्ही नव्या महापालिकांना पाच वर्षं भरपाई देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, ती भरपाई मिळालीच पाहिजे. पण ते माहेरचं डबोलं आहे. त्यावर संसार पाच वर्षं चालेल, सहाव्या वर्षी काय? आणि माहेरच्यांच्याही अटी असतात. २०२५-२६ पर्यंतच्या अनुदानासाठी पंधराव्या वित्त आयोगानं सांगून ठेवलं होतं: घरपट्टीची वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वेगानं वाढली नाही तर अनुदान विसरा. म्हणजे इथं दिलेली सरसकट माफी तिथल्या अनुदानालाही कात्री लावू शकत होती.

मग लोक पैसे देतील का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तरासाठी मी तुम्हाला घाणेवाडीला नेतो.

निजामाच्या राजवटीत बांधलेला तलाव. विजेशिवाय, नुसत्या उतारावरून पाणी शहरात आणणारी योजना. आपण त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतो. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो ना? तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, आगगाडीनं पाणी आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. पैठणच्या नाथसागरातून अंबडमार्गे येणारी योजना त्याच सुमारास सुरू झाली म्हणून गाव तगलं. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली. या गावातले व्यापारी, कारखानदार, साधे नोकरदार एकत्र आले आणि घाणेवाडीचा गाळ उपसू लागले. कुणी पोकलेन दिलं, कुणी डिझेल दिलं, शेतकऱ्यांनी स्वखर्चानं गाळ शेतात नेला. कुठलीही नोटीस नव्हती, शास्ती नव्हती, अभय नव्हतं. तरी पैसे आले. का आले? कारण दिलेला रुपया डोळ्यांसमोर खड्डा खोल करताना दिसत होता. जालनेकर पैसे देत नाही हे खोटं आहे. ज्याचा हिशेब दिसत नाही तिथं तो देत नाही, हे खरं आहे.

म्हणून मागण्या मांडतो. चारच आहेत, लिहून घ्यायची गरज नाही.

एक: सवलतीच्या प्रत्येक ठरावाखाली दोन ओळी सक्तीच्या करा. यानं उत्पन्न किती घटेल, आणि त्यामुळे कोणती पदं भरता येणार नाहीत. मग खुशाल हात वर करा.

दोन: माफी माणसाला द्या, सरसकट भिंतींना नको. एकटी राहणारी विधवा, अपंग, झोपडीतलं कुटुंब यांची यादी प्रभागात वाचून दाखवा आणि त्यांना पूर्ण सूट द्या. बंगल्याला त्यांच्या आडोशानं सूट नको.

तीन: पाणी किती वेळा आलं याची नोंद प्रत्येक प्रभागात फळ्यावर लावा. ठरलेल्या वेळेपेक्षा कमी आलं तर तेवढी पाणीपट्टी आपोआप कमी. बघा मग वॉल्व्हमनचं पद किती लवकर भरलं जातं!

चार: ठेकेदाराकडची प्रत्येक झाडणारी व्यक्ती पालिकेच्या दप्तरी नावानं नोंदवा. नुसती 'मजूर संख्या' नको. आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाचा आकृतिबंध सरकारकडून मंजूर करून आणा.

यासाठी बहुमत लागेल का? लागेल. पण सुरुवात एका हातानंही होते. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर एक हजार रुपये उधळायचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात एकच मत पडलं, जोतीरावांचं. हजार रुपये खर्च झालेच. पण आज त्या स्वागताच्या कमानी कुणाला आठवतात? आठवतो तो एक हात. आपल्या ६५ पैकी एकानं जरी विचारलं की, 'या सवलतीत कोणतं पद मेलं?', तर ते इतिवृत्तात येईल. इतिवृत्तात आलेली गोष्ट लेखापरीक्षकालाही पुसता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं. "माझ्या या पैशात गल्लीत किती दिवस झाडलं जातं?" आकडा आजही माझ्याकडे नाही. पण तो कोणत्या तारखेला ठरतो ते ठाऊक आहे. महापालिका कायद्यानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर सभागृहानं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आणि २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती असते. त्या दिवशी आपण सगळे हातात झाडू घेऊन फोटो काढतो. काढा, मीही असतोच. पण पुढच्या वर्षी त्याच्या आधी तीन दिवस थोडा वेळ काढा. महापालिकेची सभा सर्वांना खुली असते, गॅलरीत बसायला तिकीट लागत नाही. येताना आपली घरपट्टीची पावती घेऊन या.